भिंतीवरून पेटीत : चित्रपटांच्या मूळ भित्तिपत्रकांची कथा

लाटंबार्से हा डिचोली तालुक्याच्या सीमेवरचा गाव. वेस ओलांडली की दोडामार्गाचा मुलूख लागतो. कासारपालची कालिका, कुळागरे, काजूच्या बागा, देवळांच्या जत्रा आणि जत्रांच्या रात्री रंगणारी नाटके यांनी हा परिसर ओळखला जातो. इथली करमणुकीची परंपरा रंगमंचाची आहे, पडद्याची नव्हे. चित्रपट पाहायचा तर डिचोलीची किंवा म्हापशाची वाट धरावी लागे, आणि ते काही रोजचे जाणे नव्हते. अशा गावांपर्यंत चित्रपट क्वचितच पोहोचे; पोहोचे तो त्याचा कागद. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी गेलेला माणूस भिंतीवरचे रंगीत चित्र डोळे भरून पाही, घरी येऊन त्याचे वर्णन करी, आणि न पाहिलेल्या चित्रपटाची अर्धी गोष्ट त्या वर्णनातून गावाला कळे. पुष्कळांच्या बाबतीत ती तेवढीच कळली.

हा कागद टिकावा म्हणून छापलेला नव्हता, हे प्रथमच ध्यानात घ्यावयास हवे. शुक्रवारी खेळ बदलला की भित्तिपत्रकाचे आयुष्य संपे. मागच्या आठवड्याच्या नायिकेच्या तोंडावर खळीचा कुंचला फिरे आणि त्यावर नवा खलनायक चिकटे. पावसाळ्यात थरावर थर फुगत, सुटत, गळून पडत. ग्रंथ टिकावा म्हणून बांधला जातो, ताम्रपट टिकावा म्हणून कोरला जातो. भित्तिपत्रक मात्र नाहीसे होण्यासाठीच जन्माला येते. म्हणूनच जे उरले त्याला मोल आले. ग्रंथालयाच्या स्मरणग्रंथात या विषयाला स्थान कशासाठी, असा प्रश्न एखाद्या सभासदाच्या मनात आला तर त्याचे उत्तर पुढे येईल. ते उत्तर ग्रंथालयांना फारसे सुखावह नाही, एवढे आधी सांगून ठेवणे बरे.

भित्तिपत्रकाची कथा चित्रपटापूर्वीच सुरू होते. लिथो म्हणजे शिळाछापाची पद्धत युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस निघाली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र उलटे काढायचे, दगड ओला करायचा, आणि मग शाईचा रूळ फिरवायचा. पाणी शाईला दूर ठेवते, तेलकट रेषा तिला धरते. प्रत्येक रंगाला दगड वेगळा. म्हणजे सहा रंगांच्या चित्राला कारागीर तेच चित्र सहा वेळा, तुकड्यातुकड्यांनी आणि आरशातल्यासारखे उलटे काढीत असे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलविला. त्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोहोचली. गोमंतकातल्या किती देव्हाऱ्यांत ती आजही असेल याची गणती नाही. दादासाहेब फाळके या मुद्रणव्यवसायातूनच चित्रपटाकडे वळले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलेला, स्वतःचा मुद्रणालयाचा धंदा उभारलेला हा माणूस ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन आला. चित्रपटाची जाहिरात हे वेगळे शास्त्र आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मात्र त्या काळातल्या जाहिराती बहुतांशी अक्षरांच्या असत. वर्तमानपत्रांतले चौकटबंद मजकूर आणि हस्तपत्रके हेच त्यांचे रूप. चित्राने बोलणारे भित्तिपत्रक यायला अजून काही वर्षे होती.

ते आणले कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे मूळ नाव, जन्म १८९०चा. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. राजवाडा, अरण्य, राजमार्ग हे ज्या पडद्यांवर उभे राहत ते पडदे पाहायलाच काही रसिक नाटकाला जात. दूरच्या प्रेक्षकाला दिव्याच्या उजेडात दिसेल असे चित्र, ठळक आकार, खोलीचा आभास, भडक न होता उठून दिसणारे रंग : भित्तिपत्रकाला लागणारे सारे गुण नाटकाच्या पडद्याने बाबूरावांना आधीच शिकविले होते. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः घडविला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, हे सर्वश्रुत आहे. तितके सर्वश्रुत नाही ते असे की, चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या छापील पुस्तिका काढण्याची प्रथा आणि चित्रपटासाठी खास चितारलेली भित्तिपत्रके यांचे श्रेयही मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे जाते. १९२४ सालच्या त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या मूकपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भारतीय चित्रमय चित्रपट-भित्तिपत्रक मानले जाते. म्हणजे पहिल्या अकरा वर्षांतले असे एकही चित्र आज दाखविता येत नाही. मराठी माणसाने या व्यवसायाचा पाया घातला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या पायाचा एकच दगड हाती राहिला आहे, हेही त्याच श्वासात म्हटले पाहिजे.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. दामले आणि फत्तेलाल हे मुळात चित्रकलेच्या तालमीतले. त्यामुळे प्रभातच्या चित्रपटांत नेपथ्यापासून जाहिरातीपर्यंत एक चित्रकाराची दृष्टी दिसते. कोल्हापूरच्या या परंपरेतून पुढे जी. कांबळे यांच्यासारखे चित्रकार निघाले. छत्रपती शिवाजी महाराजांचे सर्वपरिचित चित्र काढणाऱ्या या कलावंताच्या हातून चित्रपटांचे प्रचंड फलकही रंगले. मुंबईत गुलबर्ग्याहून आलेले एस. एम. पंडित यांनी ‘फिल्मइंडिया’ मासिकाची मुखपृष्ठे आणि ‘बरसात’सारख्या चित्रपटांची भित्तिपत्रके रंगवून तारे-तारकांना जणू पौराणिक देवतांची कांती दिली. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे तरुणपणी मुंबईच्या रस्त्यांवर परातीवर चढून चित्रपटांचे फलक रंगवीत होते. पुढे जगाने त्यांच्या चित्रांना कोटींचे मोल दिले. त्या फलकांपैकी एकही कोणी जपला नाही, कारण पुढच्या चित्रपटासाठी त्याच पृष्ठभागावर पांढरा हात दिला जाई.

या परंपरेशी गोमंतकाचे नातेही जवळचे आहे. रघुवीर मुळगावकर हे १९१८ साली बार्देशातील अस्नोड्यात जन्मले. डिचोलीकडे जाताना जो अस्नोडा वाटेत लागतो तोच हा. दीनानाथ दलाल १९१६ साली मडगावात जन्मले. दोघांनी मुंबई गाठली आणि मराठी नियतकालिकांची मुखपृष्ठे, दिनदर्शिका आणि ग्रंथांची वेष्टने यांचा चेहरा पालटून टाकला. चित्रपटाच्या भित्तिपत्रकाची आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची त्या काळची चित्रभाषा एकच होती. तीच गुलाबी छटा, तेच तेजाळ डोळे, तीच पाठीमागून येणारी प्रकाशाची किनार. एका गल्लीतल्या छापखान्यात दोन्ही छापली जात, दोन्हींचा प्रेक्षक एकच होता. म्हणून भित्तिपत्रकाचा अभ्यास करणाऱ्याला मासिकांच्या फडताळाकडे वळावेच लागते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

आता कागदाच्या प्रवासाकडे वळू. चित्रपटाच्या व्यवसायात देशाचे विभाग पाडलेले आहेत आणि त्यांत गोवा मुंबई विभागात मोडतो. मुंबईच्या वितरकाकडून चित्रपटाच्या डब्यांबरोबर प्रसिद्धीचे सामान चित्रगृहाकडे येई. त्यात भित्तिपत्रके असत, दर्शनी काचपेटीत लावावयाची छायाचित्रे असत, कधी पदांच्या पुस्तिका असत. भित्तिपत्रकाचे रूढ माप तीस इंच रुंद आणि चाळीस इंच उंच. त्याहून लहान वीस-तीसचेही असे, आणि मोठ्या भिंतीसाठी दोन किंवा सहा तुकडे जुळवून लावायची मोठी पत्रके असत. घड्या घालून टपालासारखे हे गठ्ठे एसटीच्या टपावरून किंवा खटाऱ्यातून पुढे जात. म्हणून जुन्या अस्सल पत्रकावर घडीच्या खुणा असतात आणि त्या दोष नव्हेत. ती त्याच्या प्रवासाची मोहोर आहे. महाराष्ट्रात तंबूतले फिरते सिनेमे गावोगावच्या जत्रांतून हेच कागद घेऊन हिंडले. त्या मावळत्या व्यवसायावरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान येथील महोत्सवात दाखविला गेला व नावाजला गेला. तोवर तंबू जवळजवळ उठले होते.

खेळ संपल्यावर उरलेल्या पत्रकांचे काय होई? काही रद्दीत किलोच्या भावाने जात. काही दुकानदाराकडे पुड्या बांधायला. एक बाजू कोरी असल्यामुळे त्या बाजूवर हिशेब लिहिले जात, पोरे चित्रे काढीत, नाटकाची हस्तलिखित जाहिरात करायलाही तो कागद सोयीचा. जाड आणि मोठा म्हणून शाळकरी पुस्तकांना वेष्टन घालण्यासाठी त्यासारखा कागद नाही. ट्रंकेच्या तळाशी, फडताळाच्या फळीवर, देवाच्या तसबिरीच्या पाठीमागे तो अस्तर म्हणून गेला. संग्राहकांना आजही सर्वांत चांगल्या स्थितीतली जुनी पत्रके सापडतात ती अशाच ठिकाणी. भिंतीवर चढलेला कागद मेला. जो अडगळीत पडला तो जगला. हे या विषयातले मोठे नवल म्हणावे लागेल. बंद पडलेल्या चित्रगृहांच्या माळ्यांवर कधी कधी न उलगडलेले गठ्ठेच्या गठ्ठे मिळतात, आणि मुंबईच्या चोरबाजारातले व्यापारी त्याच्या शोधात असतात. पणजीपासून म्हापशापर्यंतची जुनी एकपडदा चित्रगृहे एकामागून एक काळाआड जात असताना त्यांच्या माळ्यांवर काय होते हे कोणी विचारले का, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

संग्रह करायचा म्हटला की पहिली अडचण पारखीची. ‘मूळ’ म्हणजे काय? चित्रपट प्रथम प्रदर्शित होताना त्यासाठी छापलेले पत्रक ते मूळ. लोकप्रिय चित्रपट पाच, दहा, वीस वर्षांनी पुन्हा प्रदर्शित होत आणि तेव्हा नवी पत्रके निघत. तीही जुनी असतात, पण मूळ नसतात. या पुनःप्रदर्शनाच्या पत्रकांत एक गंमत हमखास दिसते. पहिल्या वेळी कोपऱ्यात असलेला नट मधल्या काळात मोठा झाला, की कागदावरही मोठा होतो. गोव्याच्या मुक्तिलढ्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘सात हिंदुस्तानी’ हा चित्रपट काढला तो १९६९चा. त्यात सातांपैकी एक असलेल्या अमिताभ बच्चन या तरुणाचा तो पहिलाच चित्रपट. ज्या कागदावर या चित्रपटाच्या नावासोबत त्याचाच चेहरा सर्वांहून मोठा असेल, तो कागद १९६९चा आहे असे कोणी सांगू लागल्यास शहाण्याने जपून असावे. चित्रे खोटे बोलत नाहीत, पण ती आपला काळ लपवू शकत नाहीत, आणि तेवढे संग्राहकाला पुरते.

काळ उघड करणाऱ्या खुणा आणखीही आहेत, आणि त्या सांगताना जरा रेंगाळावेसे वाटते, कारण त्यात हेरगिरीचा आनंद आहे. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते. त्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्रक १९७२ पूर्वीचे असू शकत नाही, कारण टपाल खात्याने पिनकोड त्या वर्षी १५ ऑगस्टपासून सुरू केला. त्याआधी ‘मुंबई ४’ असा साधा विभाग-क्रमांक असे. प्रमाणपत्राची ‘यू/ए’ ही श्रेणी १९८३ मध्ये आली. ती अक्षरे असलेले पत्रक त्याआधीचे नव्हे. हिंदी चित्रपटांच्या जुन्या पत्रकांवर नाव बहुधा रोमन, देवनागरी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत असे. उर्दू हळूहळू लहान होत गेली आणि पुढे पुष्कळदा नाहीशी झाली. हा एका भाषेचा सार्वजनिक भिंतीवरून झालेला परतीचा प्रवास आहे, आणि तो कोणत्याही इतिहासग्रंथापेक्षा या कागदांत स्पष्ट दिसतो.

गोमंतकीय हस्तपत्रकांना तर आणखी एक साक्षीदार आहे, तो म्हणजे तिकिटाचा दर. पोर्तुगीज अमलात इथे रुपी आणि टांगा चालत. सोळा टांगांची एक रुपी. १९५९ मध्ये त्यांच्या जागी एस्कुदो आला, एका रुपीला सहा एस्कुदो या दराने. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया आणि नवे पैसे आले, आणि १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्दही गळला. पहिला कोकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ २४ एप्रिल १९५० रोजी प्रदर्शित झाला; जेरी ब्रागांझा त्याचे कर्ते. कोकणी चित्रपटाचा दिवस आजही त्या तारखेला साजरा होतो. या चित्रपटाचे म्हणून कोणी हस्तपत्रक दाखवले आणि त्यावर दर एस्कुदोत असला, तर ते पहिल्या प्रदर्शनाचे नव्हे हे नाणेशास्त्रच सांगते. ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) यांच्या वेळी तर राज्यकर्ते बदललेले होते. अवघ्या पाच-सहा वर्षांत तीन चलने पाहिलेला प्रदेश भारतात दुसरा कोणता असेल? तिकीटदराच्या त्या एका ओळीत सत्तांतराचा सारा इतिहास सामावलेला आहे, आणि नेमकी तीच ओळ पत्रक कापून चिकटवहीत लावणारे उत्साही लोक कात्रीने काढून टाकतात.

छपाईची पारख भिंगाने होते. शिळाछाप किंवा जस्ताच्या पत्र्यावरचा लिथो असेल तर खडूचा दाणा दिसतो, रंगांचे ठिपके अनियमित, हाताने टाकलेले असतात. ऑफसेटमध्ये ठिपके ओळीने, शिस्तीत उभे असतात. हल्लीच्या संगणकी प्रतीत रंग फवाऱ्यासारखा उडालेला दिसतो. १९५० पूर्वीचे म्हणून विकल्या जाणाऱ्या पत्रकात असा फवारा दिसला की व्यवहार तिथेच थांबवावा. चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना करण्याची युक्ती सर्वांना माहीत आहे; पण वयाने पिवळा पडलेला कागद कडेकडून आत पिवळा होतो, चहाने पिवळा झालेला सगळीकडे सारखा. मापही पाहावे. जुन्या छापखान्यांची मापे ठरलेली होती, घरगुती यंत्रावर काढलेली प्रत त्या मापात सहसा बसत नाही.

किमतीचा मोह या क्षेत्रात अलीकडे शिरला. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ या १९२७च्या जर्मन चित्रपटाचे एक मूळ भित्तिपत्रक २००५ मध्ये ६ लाख ९० हजार डॉलरला विकले गेले, तेव्हा जगभरच्या अडगळी उघडल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २००२ मध्ये भारतीय चित्रपटांच्या दृश्यकलेचे प्रदर्शन भरविले आणि ज्या कागदांना इथे कोणी उचलत नव्हते ते तिथे काचेआड गेले. त्यानंतर देखणे ग्रंथ निघाले, लिलाव झाले. सलीम-जावेद यांच्या ‘दीवार’ (१९७५)सारख्या चित्रपटांची पत्रके करणारे दिवाकर करकरे यांच्यासारख्या कलावंतांची नावे लोकांना प्रथमच कळली, कारण पत्रकावर सही असली तर बहुधा स्टुडिओची असे, हाताची नसे. ही नावे कळली हे चांगले झाले. पण किंमत आली तशी चोरीही आली, तुकडे पाडून विकणेही आले, आणि अभ्यासकाला एक प्रत पाहू न देणारे संग्राहकही आले. पैशाने जपले जाते ते प्रसिद्ध चित्रपटाचे पत्रक. न चाललेल्या, कोणाला न आठवणाऱ्या मराठी चित्रपटाचे पत्रक बाजार जपत नाही. इतिहासाला मात्र तेही तितकेच हवे असते, कदाचित अधिक हवे असते.

ते का, हे समजण्यासाठी एक वस्तुस्थिती पुरेशी आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला ‘आलमआरा’ हा भारताचा पहिला बोलपट आज अस्तित्वात नाही. त्याची एकही प्रत सापडलेली नाही. त्याविषयी जे काही डोळ्यांनी पाहता येते ते जाहिराती, छायाचित्रे आणि छापील कागद यांतून. मूकपटांची अवस्था आणखी दारुण आहे. हजाराहून अधिक मूकपट या देशात निघाले. त्यांतले वाचले ते फार थोडे आणि तेही बरेचसे तुकड्यांत. जुन्या नायट्रेट फिती पेट घेत, कुजत, किंवा त्यातली चांदी काढण्यासाठी विकल्या जात. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठ्याला आग लागली आणि अमूल्य जुन्या फिती गेल्या. ज्या चित्रपटाची फीत गेली त्याचा कागद हाच त्याचा देह. पटकथा नाही, दृश्य नाही, आवाज नाही. उरले आहे ते एका कागदावर कोणा अनामिक चित्रकाराने त्या कथेतले जे महत्त्वाचे मानले ते.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ची. १९६५ मध्ये तिथे रुजू झालेले पी. के. नायर यांनी निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९९१ पर्यंत, चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके, पदांच्या पुस्तिका, छायाचित्रे, ध्वनिमुद्रिका हे सारे गोळा केले. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज पाहायला मिळतात ते त्यांच्या धडपडीमुळे. चांगला-वाईट असा निवाडा न करता जमा करायचे, ही त्यांची भूमिका होती; निवाडा पुढच्यांनी करावा. २०१६ मध्ये ते वारले. ती संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे. पण पुण्यातली एक संस्था डिचोलीच्या आणि पेडण्याच्या घरांतल्या ट्रंका उघडायला येऊ शकत नाही. ते काम स्थानिकांचे, आणि स्थानिकांत पहिले नाव येते ते ग्रंथालयाचे.

आणि इथेच तो असुखद मुद्दा येतो. मराठी ग्रंथालयांनी ग्रंथ जपले. सुटा कागद जपला नाही. नाटकाचे हस्तपत्रक, चित्रपटाच्या पदांची दोन आण्यांची पुस्तिका, जत्रेची जाहिरात यांना दाखल क्रमांक देता येत नाही म्हणून ती नोंदवहीत आली नाहीत आणि नोंदवहीत नाही ते कपाटात राहिले नाही. याहून वाईट म्हणजे नियतकालिकांची बांधणी. वर्षाचे अंक एकत्र शिवताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत पुष्कळ ग्रंथालयांत होती. जागा वाचते, पुठ्ठा नीट बसतो, आणि जाहिरात काय वाचायची आहे, असा तो विचार. त्यामुळे आज अनेक ठिकाणी जुन्या मासिकांचे खंड सुबक बांधलेले दिसतात. त्यांत कथा आहेत, कविता आहेत, लेख आहेत, पण मुळगावकर आणि दलाल नाहीत, आणि त्या महिन्यात कोणता बोलपट कुठे लागला होता हेही नाही. बांधणाऱ्याचा यात दोष धरता येत नाही. त्याला जे सांगितले ते त्याने केले.

जिथे असे काही सुटे कागद अजून असतील तिथे करावयाचे काम फार खर्चाचे नाही. घडी घातलेले जुने पत्रक कोरड्या हवेत झटक्याने उलगडू नये. घडीवर ते तुटते. पावसाळी गोव्यात ही धास्ती कमी, पण बुरशीची अधिक. चिकटपट्टी कधीही लावू नये, तिचा डाग कायमचा बसतो. फाटलेल्या जागी मागून पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ एवढेच पुरते, आणि तेही जाणत्या हाताने. पत्रक सपाट ठेवावे, आम्लरहित कागदात ठेवावे, उन्हात टांगू नये. चौकटीत लावून दिवाणखान्यात मिरविलेले पत्रक दहा वर्षांत फिकट होते. लाल आणि गुलाबी रंग आधी जातात, निळा शेवटपर्यंत राहतो. जुन्या नायिका निळसर दिसू लागतात त्या यामुळे.

अधूनमधून एखाद्या पाडलेल्या भिंतीतून चार-सहा पत्रकांचा एकत्र चिकटलेला पुठ्ठ्यासारखा थर हाती येतो. वरचे चित्र फाटके असते, त्याखालचे कोणते हे बाहेरून कळत नाही. कोमट पाण्याच्या वाफेवर खळ सैल करीत एकेक थर सोडवावा लागतो, आणि एका थराला एक संध्याकाळ लागते.